तिसऱ्या दिवशी काय होतं

रोज पिणारा माणूस एकाएकी प्यायचा थांबला की घरात पहिला दिवस आनंदाचा जातो. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, घास उतरत नाही. घरचे म्हणतात, होईल हळूहळू. तिसऱ्या दिवशी रात्री तो भिंतीवरचे किडे झटकायला लागतो. भिंतीवर किडे नसतात. मग एक जण म्हणतो भगताला बोलवा, दुसरा म्हणतो सिव्हिलला न्या, आणि आमच्या खानदेशात बहुतेक वेळा दुसऱ्याचं ऐकलं जातं ते पहिल्याचं करून झाल्यावर.

मी नर्स होते. माहेर जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं, सासर धुळ्याचं, नोकरी सगळी सरकारी आणि याच दोन जिल्ह्यांतली, त्यातला मोठा काळ पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात. आता धुळ्यातल्या देवपुरात राहते आणि बचत गटाच्या बायकांनी बोलावलं की जाऊन बोलते. त्यांना वाटतं सिस्टर बीपी-शुगरवर बोलणार. मी बोलते ते दारूवर आणि जिवाला कंटाळलेल्या माणसांवर. तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला प्रत्येक घराला येतं. ‘मला जगायचं नाही’ म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे मात्र शिकलेल्या घरांनाही सुचत नाही. ते शिकता येतं. माझ्या अनुभवात त्यातलं निम्मं शिकणं वेळेचं असतं: कोणत्या दिवशी काय होणार, कोणत्या वेळी बोलायचं, कधी एक मिनिटही एकटं सोडायचं नाही.

आधी तिसऱ्या दिवसाचं सांगते, कारण त्यात माणसं मरतात आणि ती वाचवता येतात.

दारू मेंदूला मंद करते. रोज मंद करणारी वस्तू येणार हे कळल्यावर मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. मग एक दिवस दारू येतच नाही. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर एकदम सोडला की आपली बाजू जशी धडाधड मागे कोसळते, तसं त्या मेंदूचं होतं. पहिल्या काही तासांत ते दिवसभरात थरथर आणि घाम. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, मिरगीसारखा. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम: किडे, साप, मेलेली माणसं दिसतात, दिवस कोणता, गाव कोणतं, काही कळत नाही, नाडी पळते, ताप चढतो. डॉक्टरी भाषेत याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं ‘डीटी’ म्हणायचो. प्रत्येक पिणाऱ्याला हे होत नाही. पण जो वर्षानुवर्षं भरपूर पितो, सकाळी डोळा उघडल्यावर ज्याला आधी घोट लागतो, किंवा ज्याला पूर्वी कधी दारू थांबवल्यावर झटका आलाय, त्याने घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. हे वाक्य मी बचत गटात दोनदा म्हणते, कारण पहिल्यांदा बायकांना वाटतं सिस्टर त्याला प्यायला सांगतेय.

आमच्याकडे दारू सोडण्याचे हंगाम असतात. चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी यात्रा निघते. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत धुळे-जळगावची माणसं गडाच्या वाटेला लागलेली असतात. वर्षभर पिणारा माणूस निघायच्या दिवशी बाटली बंद करतो. श्रद्धा खरी असते, थांबणंही खरं असतं. मालेगाव ओलांडून देवळ्याकडे चालताना त्याचं अंग थरथरायला लागतं, तो भलतंच बोलतो, डोळे तारवटतात. सोबतचे म्हणतात, देवी अंगात आली. कुंकू लावतात, नारळ फोडतात, पाया पडतात. असा एक जण जीपमध्ये घालून आमच्याकडे आणला होता. कपाळभर कुंकू, दोन्ही हातांनी हवेतला दोरा ओढत होता. त्याची आई कॉटच्या पायाशी उभी राहून मला सांगत होती, “सिस्टर, याले बाहेरनं लागेल शे.” तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, “माय, शेवटची कधी प्यायला?” तिने बोटं मोजली. तिसरा दिवस.

श्रावणात कानबाई या आमच्या देवीचे रोट असतात, तेव्हाही असंच. आणि गडावरून परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. आखाजीला बायका माहेरी झोके घ्यायला, पुरुष पत्ते कुटायला, ही आमची जुनी चाल. पत्त्यांबरोबर बाटली येतेच. बायको माहेरी, घरात कोणी नाही, आणि नुकतीच सोडलेली दारू पुन्हा सुरू.

भ्रमात असलेल्या माणसाजवळ बसायचं कसं, हे नातेवाईकांना कोणी सांगत नाही. खोलीत दिवा चालू ठेवा, अंधारात किडे वाढतात. दहा जण भोवती उभे राहू नका. एकच ओळखीचा माणूस, एकाच जागी. त्याला सांगत राहा की आज अमुक वार आहे, आपण दवाखान्यात आहोत, मी तुझी वहिनी आहे. किडे आहेत की नाहीत यावर भांडू नका. “मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय, मी इथेच आहे,” एवढं पुरतं. आणि आपल्या माणसांचा सलाईनवर फार जीव. “सिस्टर, एक बाटली लावा ना, ताकद येईल.” वर्षानुवर्षं जेवण सोडून प्यायलेल्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. अशा माणसाला ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. गल्लीतल्या डॉक्टरकडे सलाईन लावायला नेलंत तर ‘हा रोज पितो’ हे शब्द तोंडातून काढा. लाजेपायी लपवू नका.

लपवण्यावरून त्या पुड्यांची गोष्ट आली. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पत्रकं तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचली असतील. कित्येक घरांत बाई वरणात पूड कालवते आणि नवऱ्याला कळू देत नाही. पुडीत काय असतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू प्यायल्यावर त्रास होतो हे 1937 मध्ये एका डॉक्टरच्या लक्षात आलं, आणि दहाएक वर्षांनी डेन्मार्कमधल्या दोघा संशोधकांनी त्याचं औषध केलं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीत असेल, त्याने स्वतः होकार दिला असेल, डॉक्टरने तपासलं असेल, तर या औषधाचा चांगला उपयोग होतो. नकळत दिलं तर ते विष आहे. आणि समजा माणूस वाचला, तरी बायकोच्या हातच्या वरणावरचा त्याचा विश्वास गेला, तो कोण परत आणणार?

आता बोलण्याचं. रात्री बोलू नका. आपल्याकडे सगळी भांडणं तो पिऊन आल्यावर होतात, कारण राग तेव्हा येतो. पण त्या वेळी समोर माणूस नसतो, दारू असते. त्या वेळी फक्त पोरांना आत न्यायचं, त्याला कुशीवर झोपवायचं म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि कोयता-विळा नजरेआड करायचा. बोलायचं सकाळी, चहाच्या आधी किंवा नंतर, पण शुद्धीत. आणि सकाळी बोलताना गेल्या दहा वर्षांचा पाढा वाचायचा नाही. एक घडलेली गोष्ट, एक आपल्याला काय वाटलं ते, आणि एक मागणी. “काल रात्री तुम्ही पोराच्या ताटाला लाथ मारली. मी घाबरले. सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला.” बस. तो म्हणेल, जा, मला काही झालेलं नाही. म्हणू दे. पुढच्या एखाद्या सकाळी पुन्हा म्हणायचं, आवाज न चढवता. पोलिसांनी गाडी अडवली, अपघातातून थोडक्यात वाचला, डॉक्टरने लिव्हरचा रिपोर्ट दाखवला, अशा प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस ऐकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती सकाळ वाया घालवू नका. डॉक्टरचं नाव, ओपीडीचा वार आधीच माहीत असू द्या.

शपथांना माझा विरोध आहे. आमच्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात, नातेवाईक गोल करून उभे राहतात, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. वॉर्डात एकदा एका पेशंटचा मुलगा, असेल चौथी-पाचवीतला, माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. खूप वेळ पेन-बिन बघत होता. मग हळूच म्हणाला, “सिस्टर, पप्पांनी माझी शपथ घेतली होती. आता ते परत प्यायले. मला काही होईल का?” व्यसन मेंदूत घर केलेला आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो, हे डॉक्टर सांगतात. जो आजार कधीही उलटू शकतो, त्याच्यावर लेकराचा जीव तारण ठेवायचा नाही.

घरच्यांनाही शिकवावं लागतं, हे आपल्या महाराष्ट्रात ठामपणे मांडलं ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. तिथे पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, पस्तीस दिवस ठेवतात. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला बायकांचा गट, ‘सहचरी’. नवऱ्याची उधारी कोण फेडतं? कामावर फोन करून ‘त्यांना ताप आहे’ कोण सांगतं? बायकोच. प्रेमापोटी, अब्रूपोटी. पण त्यामुळे पिण्याची किंमत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खोटं बोलणं थांबवायचं, उधारी त्याची त्याला फेडू द्यायची, आणि त्याच वेळी जेवायला मात्र प्रेमानं वाढायचं, हे एकटीला जमत नाही, चार जणींत बसल्यावर जमतं. अमेरिकेत पिणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना 1935 मध्ये सुरू झाली आणि घरच्यांची अल-अनॉन 1951 मध्ये. म्हणजे त्यांनाही घरचे आठवायला सोळा वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. तो मारत असेल तर सकाळी बोलण्याचे हे सगळे धडे बाजूला ठेवा. पोरांना घ्या आणि बाहेर पडा. 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा. मार खात राहणं हा कोणाचाच उपचार नाही.

दारूच कशाला, आमच्या शहरी गल्ल्यांत झोपेच्या गोळ्यांची नशा आहे. पोरं तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. तीही एकदम बंद केली तर झटके येतात. नियम तोच.

दिल्लीच्या एम्सने 2019 मध्ये देशभराचा अहवाल दिला, त्यात दारूच्या व्यसनात अडकलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. राज्यातली चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. आपल्या दोन जिल्ह्यांना आहेत ते धुळ्याला चक्करबर्डीचं हिरे मेडिकल आणि जळगावचं शासकीय महाविद्यालय, बाकी खाजगी डॉक्टर. एवढ्यांवर भागणार नाही, म्हणून साध्या माणसांनी शिकायचं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि दारूने त्रास होऊ लागलेल्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका बोलायला लावलं. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला: तीन महिन्यांनी त्यांच्यातले शंभरात 36 जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले, नेहमीच्या तपासणीवर सोडलेल्यांतले 26. फरक दहाचाच. मला तो पुष्कळ वाटतो.

दारू नसलेल्या घरांतही माणूस खचतो. असा माणूस आरडाओरडा करत नाही, म्हणून घर त्याच्याकडे बघत नाही. कापसाचा भाव पडला, पोरीचं लग्न अंगावर आलं, बाळंतीण रात्र-रात्र जागी आहे, मुलगा बारावीच्या निकालानंतर खोलीबाहेर येत नाही. त्यांना आपण काय म्हणतो? मन मोठं कर. तुला काय कमी आहे? पोरांकडे बघ. हे ऐकून तो माणूस गप्प होतो आणि आपल्याला वाटतं पटलं.

ऑस्ट्रेलियात 2000 साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या नवराबायकोने मनासाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं. बेटीबाईंनी स्वतः नैराश्य भोगलेलं. बुडालेल्याला कसं वाचवायचं ते शिकवतात, मग खचलेल्याला का नाही, असा त्यांचा साधा प्रश्न. त्या प्रशिक्षणातली जी गोष्ट आपल्या माणसांना सगळ्यात जड जाते ती मरणाबद्दल सरळ विचारण्याची. आपल्याला वाटतं, विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवू. तसं होत नाही. याचा पुष्कळ अभ्यास झालाय. उलट कोणीतरी विचारल्याने माणूस मोकळा होतो. आडून नाही विचारायचं. “मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलंय का?” आमच्या बोलीत, “मरी जावासं वाटस का तुले?” आणि विचारल्यावर गप्प बसायचं. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ पदराशी चाळा करा, पण मध्ये बोलू नका.

तो ‘हो’ म्हणाला तर? घाबरा, पण दाखवू नका. “बरं झालं मला सांगितलंस.” त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, संडासच्या दारापर्यंत सोबत. तीव्र लाट बहुधा काही तासांत ओसरते. ती ओसरेपर्यंत सोबत हाच उपचार. फवारणीचं औषध घरात असेल तर तेव्हाच्या तेव्हा घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरल्या. तिथेच घराघरांत कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने फरक पडला नाही. किल्ली घरातच असते ना. म्हणून पेटी नको, औषध घरातच नको.

आणि काही घडलंच तर 108 लावून थेट मोठ्या दवाखान्यात. केस होईल या भीतीने वेळ घालवू नका, ‘चुकून पोटात गेलं’ असं खोटं सांगू नका. काय घेतलं ते कळलं तरच उतारा देता येतो. बाटली किंवा पाकीट सोबत आणा. पोलीस नोंद होते, जबाब होतो, पण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा असं धरून चालतो की त्या माणसावर कमालीचा ताण होता, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर सगळे सुस्कारा टाकतात. खरं तर घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद केलेल्या मी कित्येकदा पाहिल्यात. आणि फरक पडल्यावर ‘आता बरं आहे’ म्हणूनही बंद करतात. दोन्ही वेळा आधी डॉक्टरला विचारायचं. माणूस फार दिवस खचलेला असून एकाएकी शांत झाला, उधाऱ्या मिटवू लागला, वस्तू वाटू लागला, तर आनंद मानण्याआधी पुन्हा तो सरळ प्रश्न विचारा.

बचत गटात शेवटी एक जण हमखास विचारते: फोन त्यानेच करायला हवा की मी केला तर चालेल? तुम्ही केलात तर चालतो. मनासाठी 14416, टेलिमानस; 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी 14446. ओपीडीला न्यायचं असेल तर सकाळी लवकर जा, आधीचे केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला. सोबत गावातला वजनदार पुढारी नको. त्याच घरात झोपणारं कोणीतरी न्या, कारण डॉक्टर पहिला प्रश्न झोपेचा विचारणार, आणि त्याचं खरं उत्तर पेशंटपेक्षा त्या माणसाला जास्त ठाऊक असतं.